सुधाकरनानांचं मशीन

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी एकदा सुधाकरनानांना घेऊन गेले होते. शेजारी म्हणून, आणि त्यांना जरा घराबाहेर काढा अशी त्यांच्या बायकोनं, अक्कानं, गळ घातली होती म्हणून. कार्यक्रम म्हणजे पाहुण्यांचं भाषण. पण त्याआधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, नारळ, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, आणि संस्थेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं. पाहुणे बोलायला उठले तेव्हा मुलं पेंगुळली होती आणि पाहुण्यांना गाडी गाठायची होती. दोन वाक्यं बोलून ते निघाले. नाना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्या कार्यक्रमाचा घरखर्च फार आहे."

हा घरखर्च म्हणजे वाण्याचं बिल नव्हे. नाना दीपनगरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते, आणि हा हिशेब तिथला. वीज तयार करायलाही वीज लागते. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, मोठमोठे पंखे, पाणी चढवणारे पंप, हे सगळं चालवायला वीज बनवणारा संच स्वतःचीच थोडी वीज खातो. उरते ती तारांवरून गावाला जाते. साहेब लोक त्याला ऑक्झिलरी म्हणत, नाना घरखर्च म्हणत. नोकरी संपून ते जळगावात पिंप्राळ्याला आमच्या शेजारी राहायला आले, तरी दुनिया ते याच मापानं मोजत. लग्नात बँड, घोडा, ड्रोन बघून ते हळूच विचारत, "नवरदेवाला काही उरलं का?" अक्का त्यांना कोपरानं ढोसायची. तिच्या शिव्या खायची नानांना सवय होती.

पण हे माप त्यांनी सगळ्यात कडक लावलं होतं ते संगणकाला. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. जे कळतं ते नानांनी समजावलेलं. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचे पंप आणि पंखे, असं ते सांगत. त्यांच्यावाचून मशीन चालणार नाही, पण मशीन काही त्यांच्यासाठी घेतलेलं नसतं. विंडोज किती खाते आणि खेळाला किती उरतं, एवढंच बघायचं.

हो, खेळाला. सत्तरीचा हा माणूस संगणकावर खेळ खेळायचा, आणि त्यात त्याला काडीची लाज नव्हती. नवे खेळ नाहीत, एकच जुना खेळ. पडद्यावर एक माळरान, त्यावर तुमची चार माणसं. त्यांच्याकडून लाकूड तोडून घ्यायचं, शेतं करायची, घरं बांधायची, तटबंदी उभारायची, आणि मग फौज घेऊन पलीकडच्या गड्याचं गाव पाडायचं. पलीकडचा गडी बसायचा धुळ्यात. रामदासभाऊ. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की हे दोघे म्हातारे इंटरनेटवरून एकमेकांची गावं पाडायचे. शेजारून मला कुऱ्हाडीचे ठोके ऐकू यायचे. एकेकदा रणशिंग वाजायचं आणि माझी वामकुक्षी मोडायची. मी भिंतीवर थाप मारायचे. मग थोडा वेळ आवाज कमी व्हायचा.

रामदासभाऊ नानांचे नुसते मित्र नव्हते, ते त्यांचे रिलिव्हर होते. एकाची पाळी संपली की दुसऱ्यानं येऊन खुर्ची घ्यायची. दोघांनी अख्खी नोकरी एकमेकांकडून चार्ज घेण्यात काढली. त्या चार्जची एक रीत होती आणि नाना ती देवाचं काही सांगावं तशी सांगत. उठणाऱ्यानं मशीन कसं आहे ते सांगायचं. कुठला पंप गरम होतोय, कुठला आवाज नवा आहे, आपल्या हातून काही चुकलंय का, सगळं. घरी भांडण झालं असलं, डोळ्यावर झोप असली, तरी मशीनबद्दल खोटं बोलायचं नाही, कारण पुढचा माणूस त्या शब्दावर खुर्चीत बसतो. येणाऱ्याला सांगणं पटलं तर त्यानं एकच शब्द म्हणायचा, "घेतला." पटलं नाही तर म्हणायचा नाही, आणि तो म्हणेपर्यंत आधीच्याला उठता यायचं नाही.

रविवारचा खेळही याच रीतीनं सुरू व्हायचा. स्पीकरवर फोन, आणि भाऊंचा पहिला प्रश्न, "सुधाकर, मशीन कसं शे?" नाना खरं काय ते सांगत. मशीन तापलंय, नेट जरा ओढतंय, माउसचं डावं बटण चिकटतंय. पलीकडून "घेतला" आलं की मग नाना तेच भाऊंना विचारत. मला हे सगळं फार विनोदी वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. नाना मनावर घेत नसत.

दोघांना हे वेड लागलं ते दीपनगरच्या कॉलनीतल्या क्लबात. तिथे एक संगणक आला होता, काळ्या पडद्याचा, डॉसवाला. त्याची मेमरी इतकी थोडी की खेळ, माउस आणि आवाज असे तिघे एका वेळी आत मावायचे नाहीत. नानांनी एक वेगळी फ्लॉपी बनवली. ती घालून मशीन चालू केलं की नडीपुरतं तेवढंच जागं व्हायचं, बाकी सगळं बाहेर. तरी जागा पुरेना, तेव्हा त्यांनी आवाज काढून टाकला आणि माउस ठेवला. तेव्हाचा खेळ निराळा, लढाऊ विमानांचा, मग गोळ्यांचा आणि विमानांचा आवाज रामदासभाऊ बाजूला बसून तोंडानं काढायचे. नाना हे सांगताना इतके हसत की त्यांना ठसका लागायचा.

पुढे विंडोज आली आणि दर काही वर्षांनी नवी येत राहिली. प्रत्येक नवी जास्त नटलेली, जास्त खाणारी. नाना तिला घरात घेत आणि पहिल्याच दिवशी तिचे दागिने उतरवून ठेवत. सावल्या बंद, काचेच्या कडा बंद, मागचं चित्र बंद, आपोआप उठणारे प्रोग्राम बंद. त्यांच्या पडद्यावर मी कधी फूल पाहिलं नाही, सगळा करडा माळ. खान्देशातला उन्हाळा तर मशीनचाही जीव काढतो. तापलं की ते आपणहून हळू होतं. म्हणून एप्रिल लागला की नाना डबा उघडा करून त्यावर टेबलफॅन लावत आणि स्वतः घामानं निथळत बसत. अक्का म्हणायची, मला कधी एवढा वारा घातला नाही.

एका विंडोजमध्ये तर त्यांच्या खेळातलं गवत जांभळं झालं, आणि पाण्याला कसलासा तांबूस रंग आला. कारण काय, तर तो जुना खेळ आणि नव्या विंडोजचा स्वतःचा पडदा रंगांवरून भांडत होते. नानांनी उपाय शोधला. खेळ सुरू करण्याआधी विंडोजचा पडदाच बंद करून टाकायचा, म्हणजे खालची पट्टी, चित्रं, सगळं गायब. गवत हिरवं झालं. त्यांनी मला मुद्दाम बोलावून ते हिरवं गवत दाखवलं. मी म्हटलं, छान आहे. आणखी काय म्हणणार?

त्यांच्या या साफसफाईचा प्रसाद मलाही मिळाला. माझा लॅपटॉप फार रडतो म्हणून मी त्यांना दिला. एका दुपारीत त्यांनी तो पळता करून दिला. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापायची वेळ आली आणि प्रिंटर ढिम्म. शाळेतल्या सगळ्यांनी आपापलं डोकं चालवून पाहिलं. शेवटी कळलं की छपाईचं काम बघणारा प्रोग्रामच नानांनी बंद करून टाकला होता. तुम्ही लॅपटॉपवर छापता हे मला काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं, आणि वर, छापत नसाल तेव्हा तो कशाला जागा ठेवायचा? मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी मुकाट्यानं तो चालू करून दिला, पण जाताना मी काहीतरी पाप करायला लावल्यासारखं तोंड करून गेले.

भाऊंच्या मशीनचीही जबाबदारी नानांकडेच. त्या खेळाची एक खोड होती. दोघांपैकी ज्याचं मशीन हळू, त्याच्या चालीनं दोघांना चालावं लागतं. एक मागे राहिला की खेळ दुसऱ्यालाही धरून ठेवतो, बैलजोडीसारखं. एकदा भाऊंच्या मुलानं त्यांच्या संगणकावर कसले कसले प्रोग्राम भरून ठेवले, आणि इकडे जळगावात नानांची माणसं चिखलातून चालल्यासारखी चालायला लागली. पुढच्या सोमवारी नाना भाच्याच्या मळ्यातल्या केळ्यांची पिशवी घेऊन एसटीनं धुळ्याला गेले, मशीन धुऊन-पुसून आले, आणि रात्री घरी येऊन जेवले.

मग आली सगळ्यात नवी विंडोज. तिनं नानांचं मशीन तपासलं आणि दारातूनच परत लावलं. हे जुनं आहे, चालायचं नाही. आणि जी होती तिची सुरक्षेची डागडुजीही थांबत आली होती. नाना काही दिवस फुरंगटून बसले. मग त्यांनी काय केलं, तर विंडोज काढूनच टाकली आणि लिनक्स घातलं. हा खेळ तर विंडोजसाठी बनलेला. पण मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसतो, तो खेळाचं बोलणं लिनक्सला समजावतो. खेळाला पत्ताच लागत नाही की आपलं घर बदललं. हल्लीच्या पोरांचे काही ऑनलाइन खेळ तिथे चालत नाहीत, लबाडी पकडणारे पहारेकरी लिनक्सला आत सोडत नाहीत, हेही नानांनी मला सांगितलं. त्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं. त्यांचा खेळ पाण्यासारखा वाहायला लागला होता. एवढा कमी घरखर्च त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. सगळ्या आळीला केळ्याचे वेफर्स वाटले त्यांनी.

त्याच हिवाळ्यात रामदासभाऊंना अर्धांगाचा झटका आला.

नाना धुळ्याला जाऊन आले. भाऊंची उजवी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. बरं व्हायला महिने लागले, आणि बरं म्हणजे डाव्या हातानं जेवता येण्याइतपत. मग एका रविवारी भाऊंनी आपणहून फोन केला. डाव्या हातात माउस घेऊन बसले. नानांनी त्यांचं गाव चार वाती वळायला लागतो तेवढ्या वेळात पाडलं. पाडायचं नव्हतं त्यांना, पण समोरच्याची तटबंदीच उभी राहिली नाही, तर करायचं काय? नानांनी सुचवलं की खेळाची चाल कमी करू, तशी सोय खेळातच आहे. त्यांची चाल पहिल्या दिवसापासून ठरलेली होती, जलद. भाऊ म्हणाले, "माले तुनी दया नको," आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. भाऊंना आबा म्हणणारी त्यांची सून वैशाली अक्काशी बोलायची. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून असतात, व्यायामाला नकार देतात, संगणकावर चादर टाकून ठेवलीय, असं तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की यांनी असंच अंग टाकलं तर उरलेलंही जाईल. अक्का हे मला ओट्यावर सांगत होती आणि नाना आत बसून ऐकत होते.

त्यानंतर एक दिवस मी काहीतरी मागायला गेले, तर नाना विंडोज घालत होते. ती जुनी, जड, जिची डागडुजी थांबली होती ती. आणि घालून झाल्यावर दागिने उतरवायचं नाव नाही. सावल्या तशाच, कडा तशाच, कोपऱ्यात हवामान, बातम्या, शेअरबाजार, सगळं नांदतंय. मागे एका सरोवराचं चित्रसुद्धा होतं. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. मी विचारलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाल तो कमी करू देणार नाही. पण माझं मशीन म्हातारं झालं, तर त्याला काय करणार?"

मला कळायला जरा वेळ लागला. जो हळू त्याच्या चालीनं दोघं चालतात. भाऊंना हळू करता येत नव्हतं, म्हणून नानांनी स्वतःला हळू केलं होतं.

रविवारी त्यांनी धुळ्याला फोन लावला आणि मशीन बिघडलंय, ओढतंय, तरी येतोस का, असं विचारलं. सुधाकरचं मशीन बिघडलं, ही बातमीच अशी होती की भाऊंनी चादर काढायला लावली. त्या दिवशी माणसं इतकी सावकाश चालत होती की डाव्या हातालाही वेळ मिळत होता. नाना मुद्दाम हरले नाहीत, हे मी छातीठोक सांगते. चाल तेवढी त्यांनी चोरली, बाकी जिवाच्या करारावर खेळले. आणि संध्याकाळी भाऊंनी त्यांचं गाव पाडलं. फोनवरून भाऊंचं जड जिभेचं हसू ऐकू येत होतं. "सुधाकर, तुनं मशीन म्हातारं व्हई गयं रे." ज्या माणसानं आयुष्यभर मशीनवर धूळ बसू दिली नाही, तो म्हणाला, "हो रे. झालं."

अक्का मला नंतर म्हणाली, त्या रात्री ते जेवले नाहीत. हरल्याचं काही नव्हतं. मशीनबद्दल भाऊंशी खोटं बोलायची त्यांची ती पहिली वेळ होती.

रविवार पुन्हा सुरू झाले. भाऊ व्यायाम करायला लागले, अंगणात चार पावलं टाकायला लागले. मला वाटलं, सगळं मार्गी लागलं. पण वैशाली एका लग्नाला जळगावला आली ती एक पुडकं घेऊन. भाऊंनी पाठवलेलं. आत एसएसडी. जुनी डिस्क काढून ही बसवली की मशीन पळतं, असं भाऊंनी कुठूनसं ऐकलं होतं, आणि मुलाच्या मागे लागून ती मागवली होती. त्यांना सुधाकरच्या मशीनची काळजी लागून राहिली होती. पुडक्याला दोरा भाऊंनी स्वतः बांधला होता, असं वैशाली म्हणाली. ती गाठ इतकी वेडीवाकडी होती की नानांना ती कापवेना. बोटांनी सोडवत बसले.

त्यांनी ती डिस्क बसवली. न बसवणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं. आणि मशीन खरंच पळायला लागलं. नाना कपाळाला हात लावून बसले, आणि अक्का आणि मी हसावं की काय करावं अशा उभ्या राहिलो. शेवटी अक्काच म्हणाली, आहे काय त्यात, आणखी घरखर्च वाढवा.

माझी बदली चाळीसगावला झाली. सामान गेलं, आणि मी नानांचा निरोप घ्यायला गेले तो रविवारच होता. नाना मशीनसमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून. मशीन चालू होताना ते कधी बसत नसत. कंट्रोल रूममध्ये संच सुरू होताना कोणी बसत नसे म्हणून. मग त्यांनी एकेक लोड चढवायला सुरुवात केली. सगळ्या डिस्कची तपासणी लावली. मुलीच्या लग्नाची अख्खी फिल्म एका जातीच्या फाइलमधून दुसऱ्या जातीच्या फाइलमध्ये बदलायला लावली. भजनांच्या खिडक्या उघडल्या, आवाज बंद करून. प्रत्येक वेळी पडद्यावर नखानं टकटक करत, जुन्या मीटरच्या काचेवर करायचे तशी, आणि काटा कुठे आला ते बघत. थोडं जास्त झालं तर एक भजन काढलं. चाल नेमकी हवी तेवढी झाली. डब्यातला पंखा घरघरायला लागला. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी फोन लावला.

"सुधाकर, मशीन कसं शे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "तुझी डिस्क चांगली आहे रे," ते म्हणाले. "पण मशीनच थकलंय. ओढतंय."

पलीकडे कोणी काही बोललं नाही. इतका वेळ की नानांनी फोन उचलून बघितला, लागलाय ना म्हणून. आणि मग भाऊ म्हणाले, "घेतला."

आता नानांची पाळी होती. तेही मशीनबद्दलच विचारत आले होते, पण झटक्यानंतर त्यांनी प्रश्न बदलला होता. "तुझा हात कसा आहे?"

"हात बठ्ठा ठीक शे. पहिलासारखा."

मागून वैशालीचा आवाज आला, जरा दुरून, फोनसाठी नसलेला. "आबा, थांबा. बोटं सरळ करून देते, मग धरा माउस."

अक्कानं माझ्या दंडाला धरलं. नानांचं बोट पडद्याच्या कडेवर होतं, तिथेच राहिलं. सरोवराच्या चित्रावर खेळ उघडला होता, आणि हिरव्या माळावर त्यांचा पहिला माणूस कुऱ्हाड घेऊन उभा होता.

"घेतला," नाना म्हणाले.